इंग्लंडच्या खेड्यात पॅरिश कौन्सिलर होताना

माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होते. त्यामुळे इंग्लंडमधल्या आमच्या खेड्यात, दुकानाच्या दारावर पॅरिश कौन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, एक जागा रिकामी असल्याचा कागद दिसला तेव्हा वाटलं, हे काम आपल्या ओळखीचं आहे. निघालं अर्धंच ओळखीचं.

आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं, मी चर्चच्या कमिटीत गेले. चूक तिची नाही, शब्दच तसा आहे: पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला भाग. पण 1894च्या कायद्याने गावचा कारभार चर्चपासून वेगळा काढून या कौन्सिलांकडे दिला.

मी अर्ज केला तोही भारतीय पासपोर्टवरच. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे कायमस्वरूपी राहण्याची परवानगी असेल तर इंग्लंडमध्ये या निवडणुकीला उभं राहता येतं. आपल्या बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं. वय 18 पूर्ण हवं आणि गावाशी नातं हवं: मतदारयादीत नाव, किंवा वर्षभर गावात किंवा तीन मैलांच्या आत वास्तव्य. जागा मध्येच रिकामी झाली असेल तर दहा मतदारांनी लेखी मागणी केल्यास पोटनिवडणूक होते. आमच्याकडे कुणी मागितली नाही. कौन्सिलने मला को-ऑप्ट करून घेतलं, म्हणजे मी एकही मत न मागता कौन्सिलर झाले.

पहिल्या दिवशी पद स्वीकारल्याच्या कागदावर सही. मग 28 दिवसांत हितसंबंधांची नोंद: नोकरी, घर, जमीन, आणि नवऱ्याचंही तेच सगळं. ही नोंद लोकांना पाहता येते. फॉर्म कंटाळवाणा आहे म्हणून बाजूला ठेवू नका. सबळ कारणाशिवाय माहिती दडवणं हा गुन्हा आहे.

माझी पहिली चूक शाळेच्या फाटकावर झाली. एका आईने रस्त्यातला खड्डा दाखवला आणि मी म्हणाले, "बघते." आमच्या भागात रस्ते वरच्या काउंटी कौन्सिलकडे असतात, कचरा डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. आमच्याकडे खेळाचं मैदान, बाकं, बस थांब्याची शेड, दफनभूमी आणि भाजीपाल्याचे भाड्याचे वाफे. आता मी "बघते" म्हणत नाही. कुणाकडे तक्रार करायची ते सांगते, आणि चार दिवसांनी विचारते.

दुसरी चूक मोठी. मैदानातलं एक बाक मोडलं होतं, मी सरळ सुताराला फोन केला. आमच्या क्लार्कबाईंनी चहा पाजून समजावलं: एकट्या कौन्सिलरला कसलाच अधिकार नाही, अध्यक्षालासुद्धा नाही. खर्चाचा ठराव बैठकीत व्हायला हवा, तो विषय अजेंड्यावर हवा, आणि अजेंडा तीन पूर्ण दिवस आधी निघायला हवा. त्या तीनात नोटिशीचा दिवस, बैठकीचा दिवस आणि रविवार धरत नाहीत. बाक दोन महिन्यांनी दुरुस्त झालं. क्लार्क आपल्या ग्रामसेवकासारखे वाटतात खरे, पण ते सरकारचे नसतात, कौन्सिलचे नोकर असतात. कायदा बहुतेक कौन्सिलरांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. त्यांच्याशी भांडून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. हँडफर्थ नावाच्या इंग्लंडमधल्याच एका पॅरिश कौन्सिलची ऑनलाइन बैठक 2021मध्ये जगभर पाहिली गेली. सभागृहात कुणाला काय अधिकार यावरून माणसं किती खाली उतरतात हे बघायचं असेल तर ती जरूर पाहा.

हॉल भरतो तो बांधकामाच्या अर्जांना. परवानगी देणं आमच्या हातात नाही, आम्ही फक्त मत कळवतो. तिथे "माझ्या खिडकीतला देखावा जाईल" किंवा "घराची किंमत पडेल" हे मुद्दे चालत नाहीत. शेजाऱ्याचा उजेड अडतो, घरात डोकावता येतं, वळणावर गाडी दिसत नाही, हे चालतात. शेजारी हात धरून विनवतो तेव्हा हे तोंडावर सांगणं जड जातं. अर्ज तुमच्याच शेजारच्या घराचा असेल तर आधी क्लार्कला विचारा, बहुधा त्या विषयापुरतं बाहेर जावं लागेल.

पैशाचा विषय हिवाळ्यात. आपल्या घरपट्टीसारखी वसुली कौन्सिल स्वतः करत नाही. प्रिसेप्ट नावाची रक्कम ठरवून डिस्ट्रिक्टला कळवते आणि डिस्ट्रिक्ट घरांवर जो कौन्सिल टॅक्स गोळा करते त्यातून ती येते. पगाराची आशा ठेवू नका. सहा महिने सलग गैरहजर राहिलात आणि कौन्सिलने कारण मान्य केलं नाही तर पद जातं.

अर्ज करण्याआधी दोन बैठकांना नुसतं जाऊन बसा, त्या सगळ्यांना खुल्या असतात. स्वेटर न्या, आमच्या हॉलचा हीटर बैठक संपता संपता तापतो.