भावाची वही कशी ठेवावी

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, वय ४३. अशा माणसांना पुढे अल्झायमर, म्हणजे विसरभोळेपणा वाढवत नेणारा मेंदूचा आजार, होण्याचा धोका मोठा; तो वेळीच ओळखता यावा म्हणून त्याची एक वही मी ठेवते. तुमच्या घरीही कोणी असेल तर तिशीतच सुरू करा. मला सुचलं तेव्हा तो ३७ चा होता.

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. ते ज्या मोठ्या प्रथिनाचे तुकडे पडून तयार होतं, त्याचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं. ते गुणसूत्र आपल्याकडे दोन, त्याच्याकडे तीन. म्हणून चाळिशीपर्यंत अशा जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचलेलं असतं. अल्झायमरची लक्षणं मात्र बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसतात. मधली ही वर्षं वहीची.

'हुशार आहे, सगळं करतो' असं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही. शर्टाची बटणं स्वतः लावतो का, जिना उतरताना कठडा धरतो का, रात्री कितीदा उठतो, हे लिहा. दर वाढदिवसाला एकाच कामाचा व्हिडिओ घ्या. आम्ही बूट घालण्याचा घेतो. मदत करू नका! माझ्या पहिल्या व्हिडिओत नाडी बांधताना माझेच हात दिसतात.

सुरुवात विसरण्यानेच होते असं नाही. आधी स्वभाव बदलू शकतो: हट्ट वाढतो, आवडीचं काम नकोसं होतं.

दोन वर्षांपूर्वी हा गप्प बसायला लागला. 'आता हे असंच व्हायचं' असं एका डॉक्टरांनी ऐकवलं, मीही मान डोलावली. वही चाळली तर बदल जेमतेम दोन महिन्यांतला. इतक्या झपाट्याने? रक्त तपासलं, थायरॉइड कमी निघालं. गोळ्यांनी तो पुन्हा बोलका झाला. म्हणून आधी थायरॉइड, कान, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणं आणि नैराश्य तपासून घ्या. चाळिशीनंतर पहिल्यांदाच फिट आली, तर मात्र थांबू नका.

तपासणीत 'आज तारीख काय' असं विचारतील. त्याला ती कधीच सांगता येत नव्हती, हे आधीच सांगा. तुलना त्याची त्याच्याशीच व्हायला हवी. अमायलॉइड काढणाऱ्या नव्या औषधांची घाई नको. यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतही ते साचतं, त्यामुळे रक्तस्रावाची भीती असते.

"ताई, माझ्याबद्दल लिहितेस ना? मग सही मी करणार," असं म्हणून प्रत्येक पानाखाली तो नाव लिहितो. मी आता आधी ती अक्षरंच बघते.