हौशी गायकवृंदासाठी प्राचीन युरोपीय संगीताचा हंगाम कसा आखावा

मध्ययुगापासून बरोक काळापर्यंतच्या (साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या) युरोपीय संगीताचा हंगाम ठरवताना हौशी गायकवृंद बहुधा आधी आकर्षक विषय निवडतात आणि मग त्यात बसणाऱ्या रचना शोधू लागतात. हा क्रम उलटा असावा. सोप्रानो आणि आल्टो (स्त्रियांचे उंच व खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे उंच व खालचे आवाज) यांत प्रत्येकी किती गळे खात्रीने मिळतील, हे पहिल्या बैठकीतच कागदावर मांडावे. कारण टेनरांची वानवा असलेल्या वृंदाने दोन टेनर-पंक्तींची (टेनरांना दोन वेगळ्या चाली असलेली) रचना घेतली, तर विषय कितीही सुरेख असला तरी निम्म्या तालमी त्या पंक्तींच्या डागडुजीतच संपतात.

त्यानंतर विषय ठरवावा, आणि तो नेमका असावा. ‘प्रबोधनकाळातील रत्ने’ या नावाखाली काहीही खपते, म्हणूनच त्यातून श्रोत्याच्या हाती फारसे लागत नाही. याउलट, सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये राजसत्तेबरोबर उपासनेचे संगीत कसे पालटले, हा विषय घेतला तर दोन रचनांमधूनच तो ऐकू येतो. प्रॉटेस्टंट राजा एडवर्ड सहाव्याच्या कारकिर्दीत (१५४७–१५५३) चर्चमधील गायन इंग्रजीत आणि शब्द स्पष्ट कळतील असे हवे होते. संगीतकार थॉमस टॅलिसची ‘इफ यी लव्ह मी’ ही चार स्वरपंक्तींची छोटी रचना त्याच अपेक्षेतली असून तिच्यात बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एकच स्वर आहे. तिच्या शेजारी संगीतकार विल्यम बर्डचा तीन स्वरपंक्तींचा लॅटिन ‘मास’ (कॅथलिक उपासनेतील ठरावीक प्रार्थनांची संगीतरचना) ठेवावा. पुढे एलिझाबेथ पहिलीच्या राज्यात कॅथलिक उपासनेवर बंदी असताना, १५९० च्या दशकात, बर्डचे मास शीर्षकपृष्ठाशिवाय छापले गेले. मोजक्या गळ्यांत निभावणारी ही रचना लहान वृंदाला व्यवहारातही सोयीची पडते.

हंगामात तीन कार्यक्रम पुरेसे आहेत. नाताळाच्या सुमारास एक येत असेल, तर स्पॅनिश संगीतकार तोमास लुईस दे व्हिक्टोरियाचे १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ओ मॅग्नुम मिस्टेरियुम’ चार पंक्तींत बसते. जर्मन मठाध्यक्षा हिल्डेगार्डची (१०९८–११७९) एकस्वरी (सर्वांनी एकच चाल गायची) गीते मात्र सोपी समजून शेवटच्या क्षणी कार्यक्रमात घुसडू नयेत, कारण तिथे गळ्याला लपायला जागाच नसते.

पट्टीबाबत संकोच करण्याचे कारण नाही. त्या काळी सर्वत्र पाळली जाणारी एकच प्रमाण पट्टी नव्हती, त्यामुळे सोप्रानोंना ताण पडत असल्यास रचना एक स्वर खाली घ्यावी. फक्त बासचा सर्वांत खालचा स्वर तेव्हाही ऐकू येतो का, हे आधी तपासावे. साथीशिवाय गाताना सूर उतरणे हे नेहमीचे दुखणे आहे. तालमीत प्रत्येक रचनेच्या शेवटी स्वरकाटा वाजवून किती उतरलो ते पाहावे आणि मग जागा शोधावी: बहुधा तोच स्वर पुन्हा पुन्हा येतो तिथे किंवा उतरत्या ओळीत घसरण होते. कधीकधी पट्टी अर्धा स्वर वर नेल्यानेही ती थांबते.

जुन्या छापील पुस्तकांत प्रत्येक आवाजाची पंक्ती वेगळी असे आणि तीत मात्रांचे विभाग पाडणाऱ्या उभ्या रेघा सहसा नसत. आजच्या प्रतींत त्या असतात आणि गायक नकळत प्रत्येक रेघेनंतर आघात देऊ लागतात. उपाय साधा आहे: आधी लॅटिन शब्द नैसर्गिक आघातांसह नुसते बोलून घ्यावेत, मग एकाच स्वरावर म्हणावेत आणि त्यानंतर चाल लावावी. प्रती निवडताना एवढे लक्षात ठेवावे की रचना स्वामित्वहक्कातून मुक्त असली तरी अलीकडच्या संपादकाने सिद्ध केलेली आवृत्ती तशी असेलच असे नाही.

कार्यक्रम मध्यंतराशिवाय तासाभराचा असावा आणि रचनांचे गट पाडून टाळ्या गटाच्या शेवटीच याव्यात, अशी विनंती पत्रिकेत छापावी. त्याच पत्रिकेत मूळ ओळीसमोर अनुवाद द्यावा आणि तो वाचता येईल इतका उजेड प्रेक्षागृहात ठेवावा. वातावरणनिर्मितीसाठी सगळे दिवे मालवले, तर अनुवादाची मेहनत वाया जाते.