तालुका ‘ळवेली’ होऊ नये म्हणून

मागच्या वर्षी एका रविवारी मी आमच्या ऑफिसातले अकराच्या अकरा कॉम्प्युटर एकट्याने बसून ‘नीट’ केले, म्हणजे वर्डने आपोआप अक्षरं बदलू नयेत अशी सेटिंग केली. सोमवारी साडेदहाला त्यातला एकही नीट नव्हता. अकरा वाजता पाचशेचा स्टॅम्प पेपर वाया गेला, कारण त्यावर मिळकतीचं वर्णन आलं ते असं: तालुका ळवेली, मिळकतीचा प्रकार छुकान, सोबत सातबारा डतारा, आणि लिहून देणार श्रहिवासी पुणे. साहेबांनी कागद माझ्यासमोर धरला आणि काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता पाच नवीन मशीन आलीत आणि हे सगळं पुन्हा करायचंय. या वेळी आधी लिहून काढतो. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास दस्त टाइप करणारी आमच्यासारखी बरीच ऑफिसं आहेत, त्यांच्याही कामी येईल.

आधी दुखणं काय ते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आपण मराठी टाइप करत नसतोच. टाइप होतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटा घालतो. कृतिदेवात लहान जी म्हणजे ह आणि कॅपिटल जी म्हणजे ळ. लहान एन द, कॅपिटल एन छ. लहान एम उ, कॅपिटल ड. लहान जे र, कॅपिटल श्र. वर्डला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो एक इंग्रजी शब्द, लहान अक्षराने सुरू झालेला, आणि तो मदत म्हणून पहिलं अक्षर कॅपिटल करतो, म्हणून हवेलीचं ळवेली आणि दुकानाचं छुकान. या आपोआप दुरुस्तीचं नाव ऑटोकरेक्ट. परिच्छेदाच्या सुरुवातीला करतो आणि टेबलच्या प्रत्येक चौकटीत करतो. आमचं मिळकतीचं वर्णन सगळं टेबलात, म्हणून मार तिथे जास्त. युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरंच साठवतात तिथे, हा प्रकार होत नाही, देवनागरीला कॅपिटल-स्मॉल नाहीच. ‘मग युनिकोडवर या’ हे मला सांगू नका. वीस वर्षांचे मसुदे कृतिदेवात आहेत आणि आमच्या टायपिंगच्या काकूंची बोटंही.

पहिलं काम कॉम्प्युटरवर करायचंच नाही. एक फुलस्केप कागद घ्या. डाव्या बाजूला मशीनचे नंबर लिहा आणि प्रत्येकासमोर त्या मशीनवर कोण कोण कोणत्या लॉगिनने बसतं ते लिहा. मशीन नव्हे, लॉगिन मोजा. आमच्याकडे मशीन अकरा होती आणि लॉगिन निघाली एकोणीस, कारण सकाळी काकू आणि दुपारनंतर आर्टिकलशिपची मुलं त्याच खुर्चीवर. मी मागच्या वेळी हेच विसरलो. वर्डची ही सेटिंग मशीनची नसतात, माणसाची असतात. विंडोजमध्ये ज्या नावाने शिरलात त्या नावापुरतीच. मी त्या रविवारी सगळीकडे ‘ॲडमिन’ म्हणून शिरलो, एकेक टिक काढली, आणि अकरा वेळा फक्त ॲडमिनचं वर्ड दुरुस्त केलं. ॲडमिनने आजवर एकही दस्त टाइप केलेला नाही.

तेव्हा कागद भरल्याशिवाय माउसला हात लावू नका. पासवर्डही आधीच गोळा करा किंवा त्या त्या माणसाला बोलावून घ्या. रविवारी कोणी येणार नसेल तर रविवार निवडू नका. गुरुवारही नको, आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात ती गुरुवारीच, आणि अर्ध्यात गेलेली वीज म्हणजे कुठपर्यंत झालं होतं ते आठवत बसा.

बॅकअप. बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात, पण इथे नेमका कशाचा ते सांगतो. काकूंनी ऑटोकरेक्टच्या यादीत स्वतःची लघुलिपी भरून ठेवली आहे. दोन-तीन अक्षरं टाइप केली की ‘सबब हे खरेदीखत लिहून देणार यांनी’ पासून अख्खं वाक्य उमटतं. अशा सव्वाशे तरी नोंदी असतील, कोणी कधी मोजल्या नाहीत. साध्या नोंदी नावाच्या शेवटी एसीएल असलेल्या फायलीत असतात, त्या माणसाच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट, मग ऑफिस. भाषेप्रमाणे फाइल वेगळी: नावात १०३३ असेल तर अमेरिकन इंग्रजी, १६३९३ असेल तर भारतीय इंग्रजी. सगळ्याच उचला. फॉन्टसकट साठवलेल्या नोंदी मात्र तिथे नसतात, त्या नॉर्मल डॉट डॉटएम या टेम्पलेटमध्ये, म्हणजे वर्डच्या साच्याच्या फाइलमध्ये असतात. कृतिदेवातल्या नोंदी बहुतेक तशाच साठवलेल्या, म्हणजे ती फाइलही हवी. ॲपडेटा फोल्डर लपवलेला असतो, एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स लावा. आणि हो, हे फोल्डरही प्रत्येक लॉगिनचं वेगळं.

इंटरनेटवर कोणी ना कोणी सांगतंच की नॉर्मल डॉट डॉटएम उडवा, वर्ड नवी कोरी बनवतं. बनवतं. आणि काकूंची लघुलिपी त्याबरोबर जाते. उडवू नका.

आता टिका काढायच्या. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. कोणाच्या लॉगिनने बसलाय? बघा एकदा. पहिल्या टॅबवर वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, टेबलच्या चौकटीचं पहिलं अक्षर कॅपिटल, वारांची नावं, कॅप्सलॉक चुकून लागल्याची दुरुस्ती: सगळ्या टिका काढा. सुरुवातीची दोन कॅपिटल सुधारण्याची टिक विसरू नका, तिच्यामुळे ‘स्थावर’ मरतो. त्यातला अर्धा स आणि अर्धा थ दोन्ही कॅपिटलवर आहेत. वर्ड दुसरं लहान करतं, आणि लहान एफ म्हणजे पहिली वेलांटी. स्थावर मिळकतीच्या दस्तात ‘स्थावर’ किती वेळा येतो ते तुम्हीच मोजा. त्याच टॅबवर ‘टाइप करताना मजकूर बदला’ अशी एक टिक आहे, तिला हात लावायचा नाही. उत्साहात तीही काढली की काकूंची लघुलिपी बंद, आणि मग तुम्ही पुढचा आठवडा चहा बाहेर प्या.

मग ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ हा टॅब. शेजारी नुसता ‘ऑटोफॉरमॅट’ आहे, तो नव्हे. दोन्हींत जवळपास सारखीच नावं आहेत आणि लोक हमखास चुकीच्या ठिकाणी टिका काढून समाधानाने उठतात. नुसता ऑटोफॉरमॅट हा तो आदेश मुद्दाम चालवला तरच लागतो. बरोबर टॅबवर आधी वळणदार अवतरणचिन्हं काढा. कृतिदेवात सरळ अवतरणचिन्हाच्या कळीवर अर्धा श आणि शिफ्ट धरून अर्धा ष बसलेला आहे. वर्डने ते चिन्ह वळवलं की मागचा कोड बदलतो आणि ‘शेत’पासून ‘शिवाजीनगर’पर्यंत सगळ्याची वाट लागते. मग बॉर्डर. कृतिदेवात पूर्णविराम हायफनच्या कळीवर आहे. रिकाम्या ओळीवर ठिपक्यांची रांग मारून एंटर दाबलं, की वर्डला दिसतात हायफन आणि ते पानभर आडवी रेघ मारतं. ती रेघ सिलेक्ट होत नाही, डिलीट होत नाही, आणि नवा मुलगा पाऊण तास तिच्याशी भांडत बसतो. दोन हायफनचा डॅश, आपोआप नंबर, आपोआप बुलेट, हायपरलिंक, सगळं काढा. कलमांचे आकडे आम्ही हाताने घालतो, कारण कलम पाच वगळलं तरी सहाला सहाच म्हणायचं असतं.

ओके, मग पुन्हा ओके, आणि वर्ड पूर्ण बंद करून परत उघडा. टास्क मॅनेजरमधून मारू नका, सरळ बंद करा, नाहीतर बदल साठवले जात नाहीत.

हे एका लॉगिनचं झालं. आता कागदावरच्या त्या नावापुढे खूण करा. मशीनपुढे नाही, नावापुढे. मग साइन आउट, पुढचं नाव, आणि सगळं परत पहिल्यापासून. कंटाळा येतो. मला तिसऱ्या लॉगिनला आला होता, पण तिसरं लॉगिन म्हणजे तेव्हा तिसरं मशीन असा माझा समज होता.

कंटाळ्यावर उपाय आहे. एक टेम्पलेट बनवा, त्यात ऑटोएक्झेक नावाचा मॅक्रो (वर्डसाठी लिहून ठेवलेले आदेश), आणि त्या मॅक्रोत या सगळ्या टिका एकेका ओळीत ‘फॉल्स’, म्हणजे बंद. वर्ड उघडलं की या नावाचा मॅक्रो आपोआप चालतो. ही फाइल डॉटएम म्हणून साठवायची आणि ऑफिस जिथे बसवलंय तिथल्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकायची: प्रोग्राम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस १६, स्टार्टअप. ऑफिस ३२-बिट असेल तर एक्स८६ लिहिलेलं प्रोग्राम फाइल्स. इथे ॲडमिनचं लॉगिन लागतं, आणि त्याचा खरा उपयोग एवढाच. ॲपडेटामध्येही वर्डच्या आत एक स्टार्टअप फोल्डर असतो. तिथे टाकलीत तर परत एकाच माणसापुरती. मी हे इतक्यांदा का सांगतोय ते आता कळलं असेल. प्रोग्राम फाइल्समधली मात्र त्या मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाला लागू होते, उद्या येणाऱ्या नव्या लॉगिनलाही. शिवाय कोणी मध्येच टिक लावली तरी पुढच्या वेळी वर्ड उघडताना ती निघते. वर्ड हे फोल्डर मुळात विश्वासू मानतं, म्हणून मॅक्रोची पिवळी पट्टी येत नाही.

ग्रुप पॉलिसीने (सगळ्यांना एकदम सेटिंग लावायची विंडोजची सोय) का नाही करत, असं एका जाणकाराने विचारलं. डोमेन असेल, म्हणजे सगळी मशीन एका सर्व्हरच्या ताब्यात असतील, तर जरूर करा. आमच्याकडे अर्ध्या मशीनवर विंडोजची होम आवृत्ती आहे, तिच्यात ग्रुप पॉलिसीचा एडिटर नसतो आणि ती डोमेनला जोडताही येत नाही.

तपासणी. तुम्ही तपासू नका. ज्याचं लॉगिन आहे त्याला त्याच्या खुर्चीवर बसवा, नवी फाइल उघडायला लावा, दोन चौकटींचं टेबल, आणि त्यात त्यानेच टाइप करायचं: हवेली, दुकान, उतारा, रहिवासी, स्थावर, शेत. दर शब्दानंतर टॅब. खाली रिकाम्या ओळीवर ठिपके आणि एंटर. पाच मिनिटांचं काम. मी मागच्या वेळी तपासलं होतं बरं का, अकराही मशीनवर, आणि अकराही ठिकाणी हवेली हवेलीच आली होती. ॲडमिनला. सकाळच्या पाळीचा माणूस तपासून झाला म्हणजे दुपारचा झाला असं नाही. दोघांनाही बसवा. दुसरा फॉन्ट वापरणाऱ्यांनी शब्द आपले आपण निवडावेत, तिथे कळा वेगळ्या असतात.

जुन्या फायली आपोआप सुधारत नाहीत. फाइंड-रिप्लेसमध्ये ‘मॅच केस’ची टिक लावा, लावाच. ती नसेल तर वर्ड सापडलेल्या शब्दाचं कॅपिटल तसंच राखतं, म्हणजे ‘ळवेली’च्या जागी तुम्ही दिलेलं ‘हवेली’ येतं आणि परत ‘ळवेली’ होतं. सगळं एकदम रिप्लेस करू नका, मसुद्यात इंग्रजी नावंही असतात.

आउटलुक वेगळं. त्याची टाइप करतानाची सेटिंग त्याच्याच ऑप्शन्समध्ये मेलखाली, आणि ती हाताने, लॉगिनप्रमाणे. लाल नागमोडी रेघा बंद करा, डोळ्यांना बरं. मशीन फॉरमॅट केलं किंवा ऑफिस नव्याने बसवलं की टेम्पलेट गेली असं धरा, तिची प्रत पेनड्राइव्हवर. एसीएल फायलीही तिथेच, फोल्डरला माणसाचं नाव देऊन.

कागद फेकू नका. मी तो सीपीयूवर चिकटवलाय. एकोणीस नावं होती, नव्या मशीनची धरून आता सव्वीस झाली, आणि त्यातल्या चौघांचे पासवर्ड अजून मिळायचेत.