तोंडी ऑफरवर नोकरी बदलताना

गोव्यात खासगी नोकऱ्या पुष्कळदा ओळखीपाळखीतून जुळतात, त्यामुळे फोनवर मिळालेला शब्द पुरेसा मानून राजीनामा देणारे अनेक जण भेटतात. लेखा विभागात काम करत असताना वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून मलाही असाच फोन आला. पगार आणि रुजू होण्याची तारीख ठरली आणि "तुम्ही राजीनामा देऊन टाका, पत्र मागाहून येईल," असे सांगण्यात आले. पुढचे पाऊल टाकण्याआधी मी कायद्याची बाजू समजून घेतली. नव्याने नोकरी बदलणाऱ्यांना ती उपयोगी पडावी म्हणून हे लिहीत आहे.

नोकरीच्या कराराला गोव्यातही 1872 चा भारतीय करार कायदाच लागू होतो, आणि त्यानुसार करार लेखी असलाच पाहिजे असे नाही. प्रस्ताव, त्याचा स्वीकार, मोबदला आणि मुक्त संमती असली की तोंडी करारही बंधनकारक ठरतो. मात्र स्वीकार पूर्ण होण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो, म्हणून "बघतो, कळवतो" असे म्हणून फोन ठेवल्यास आपल्या हाती काहीच उरत नाही. "तुमची निवड जवळजवळ नक्की आहे" हे वाक्य तर प्रस्तावही नव्हे.

करार मोडला गेल्यास न्यायालय ती नोकरी मिळवून देईल, अशी अपेक्षा ठेवू नये, कारण खासगी क्षेत्रातील वैयक्तिक सेवेच्या कराराची अंमलबजावणी सहसा सक्तीने करता येत नाही. उरते ती कलम 73 खालील नुकसानभरपाई, आणि तीही मुख्यतः ज्या नुकसानीची कल्पना करार करताना दोन्ही पक्षांना होती तेवढ्यापुरती. म्हणूनच आपल्या शब्दावर विसंबून मी सध्याची नोकरी सोडत आहे, हे समोरच्याला आधीच कळवलेले असणे फार मोलाचे ठरते. नुकसान कमी व्हावे म्हणून आपण काय केले हेही न्यायालय पाहते, तेव्हा नंतर इतरत्र केलेल्या अर्जांच्या प्रती जपून ठेवाव्यात. दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षांची आहे.

फोन झाला त्याच संध्याकाळी मी ईमेल पाठवला: "आज दूरध्वनीवर ठरल्याप्रमाणे लेखापाल पदासाठी दरमहा हाती 32,000 रुपये वेतन मला मान्य आहे. नियुक्तिपत्र मिळाल्यावर मी राजीनामा देईन. त्यापूर्वी द्यावा अशी आपली इच्छा असल्यास तसे लेखी कळवावे." आलेल्या पत्रात 32,000 हा आकडा होता खरा, पण त्यात भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली होती. ईमेल समोर असल्यामुळेच आकडा दुरुस्त करून घेता आला, आणि राजीनामा मी त्यानंतर दिला. पत्र मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा संकोच मनातून काढून टाकावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनीही नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे.

व्हॉट्सअॅपवरील संदेशही पुरावा ठरतात, परंतु भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे केवळ स्क्रीनशॉटवर न थांबता मूळ संभाषण आणि शक्य तोवर तो फोनही सांभाळावा.

राजीनामा देऊन झाल्यावर ऑफर फिरली, तर जुन्या मालकाला त्याच दिवशी लेखी पत्र द्यावे. पुढील तारखेपासून लागू होणारा राजीनामा त्या तारखेआधी मागे घेता येतो, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. तथापि सेवाशर्ती आड येऊ शकतात, आणि 2019 मध्ये एका वैमानिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी मुभा नाकारली होती. जुन्या नोकरीचे वेतन वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे. ते अडल्यास पणजीत पाटो येथील कामगार आयुक्तालयात तक्रार करावी. मोडलेल्या ऑफरचा भरपाईचा दावा मात्र दिवाणी न्यायालयात चालतो, आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.