रास मॅपरमध्ये नदी, बांध आणि उघाडी: नकाशावरच्या रेषा दुरुस्त कशा करायच्या

पुराचं मॉडेल शिकायला येणारी मुलं पहिल्यांदा 'रन कसं करायचं' हेच विचारतात. रन एका बटणाचं काम आहे. हेक-रास या पुराचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये खरी मेहनत आहे ती रास मॅपरमध्ये, म्हणजे त्याच्या नकाशाच्या खिडकीत, रेषा ओढण्यात आणि ओढलेल्या रेषा सुधारण्यात. मी वाशिष्ठीचं उदाहरण घेऊन सांगते, कारण चिपळूणपासून दाभोळच्या खाडीपर्यंत नदीची सगळी रूपं या एका मॉडेलमध्ये येतात.

आधी दोन-तीन गोष्टी उरकून घ्या. नवीन प्रोजेक्ट फूट-पौंडांत उघडतो, तो मेट्रिकवर आणा. प्रोजेक्शन (नकाशाची निर्देशांक पद्धत) यूटीएम झोन 43 उत्तर ठेवा, अख्खं कोकण त्यात बसतं. मूळ जॉमेट्री, म्हणजे मॉडेलच्या सगळ्या रेषांचा संच, दुसऱ्या नावाने सेव्ह करा आणि बदल त्या प्रतीत करा. मग डावीकडच्या यादीत जॉमेट्रीवर उजवं क्लिक करून एडिटिंग सुरू करा. ज्या थरावर काम करायचं तो थर निवडलेला आहे ना, हे प्रत्येक वेळी बघा. क्रॉस सेक्शनचा (नदीला आडव्या छेदाचा) थर निवडलेला असताना ओढलेली रेषा क्रॉस सेक्शनच होते, तुमच्या मनात किनाऱ्याची रेषा असली तरी. एकेक क्लिकने बिंदू पडतात, डबल क्लिकने रेषा संपते. काम झालं की एडिटिंग थांबवून सेव्ह करा. दुपारभर एडिटिंग चालूच ठेवू नका, पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही.

नदीची मधली रेषा उगमाकडून मुखाकडे ओढायची. क्रॉस सेक्शन मात्र डाव्या काठावरून उजव्या काठाकडे. डावा काठ म्हणजे प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताला येतो तो. आपल्या नद्या सह्याद्रीतून पश्चिमेला जातात, म्हणजे नकाशात उत्तर वर असेल तर प्रवाह स्क्रीनच्या डावीकडे जातो आणि डावा काठ खाली, दक्षिणेला असतो. चिपळूणची बाजारपेठ डाव्या काठावर. त्यामुळे कोकणात बहुतेक क्रॉस सेक्शन खालून वर ओढावे लागतात. सवयीने वरून खाली ओढलात तर काठ उलटे होतात, बाजारपेठेची जमीन पलीकडच्या काठाला जाते. वळणावर नदी उत्तरेला किंवा दक्षिणेला वळते तिथे हा खालून-वरचा हिशोब सोडा आणि प्रवाहाकडे तोंड करून पुन्हा ठरवा.

क्रॉस सेक्शन नदीच्या रेषेला एकदाच छेदला पाहिजे, शेजारच्या क्रॉस सेक्शनला अजिबात नाही. तो प्रवाहाला काटकोनात हवा, आणि प्रवाह म्हणजे पुरातला प्रवाह. उन्हाळ्यात पात्र नागमोडी दिसतं, पूर आल्यावर पाणी वळणं कापून सरळ जातं. म्हणून पात्रात काटकोन ठेवून काठाबाहेर रेषेला वाक द्यावा लागतो. आणखी एक: क्रॉस सेक्शन सरकवल्यावर त्याच्या उंच्या जुन्याच राहिल्या असतील तर त्या टेरेनवरून, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या नकाशावरून, पुन्हा घ्याव्या लागतात. पण पात्रातली खोली होडीतून मोजून भरली असेल तर ही आज्ञा देण्याआधी थांबा. टेरेनच्या फाइलला पाण्याखालचा तळ माहीत नसतो, तुमचं मोजमाप पुसून तिथे पाण्याचा पृष्ठभाग बसतो. 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढला गेला आहे, तेव्हा पात्राचं मोजमाप कोणत्या साली झालं हेही लिहून ठेवा.

शहराच्या भागात मी क्रॉस सेक्शन वापरत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा ते एका दिशेने वाहत नव्हतं. गल्लीबोळांतून, शिव नदीकडून, मागून-पुढून येत होतं. अशा ठिकाणी टूडी फ्लो एरिया हवा, म्हणजे पाणी कुठल्याही दिशेला जाऊ शकेल असं छोट्या चौकटींचं (घरांचं) जाळं. खाडीकाठच्या खाजणातही, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या खारजमिनीतही, तेच.

खाजणातला बांध हा सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि तिथेच घाई होते. टूडीच्या जाळ्यात एका घरात पाण्याची एकच पातळी असते. तीस मीटरच्या घराच्या मधोमध दोन मीटर रुंद खारबांध आला तर एका बाजूची भरती आणि दुसऱ्या बाजूचं भातशेत एकाच पातळीला येतं, बांध असून नसल्यासारखा. उपाय ब्रेकलाइनचा. बांधाच्या माथ्यावरून, अगदी माथ्यावरूनच, ब्रेकलाइन ओढा आणि उजव्या क्लिकने ती लागू करा. घरांच्या कडा बांधावर येऊन बसतात. दोन ब्रेकलाइन एकमेकींना छेदू देऊ नका. जाळ्यात लाल ठिपके दिसले तर ती घरं बिघडली आहेत. तिथे मध्यबिंदू सरकवा किंवा नवीन टाका.

एवढ्यावर काम संपलं असं समजू नका. ब्रेकलाइनला स्वतःची उंची नसते, ती टेरेनवरून घेतली जाते. फुकट मिळणाऱ्या तीस मीटरच्या टेरेनमध्ये दोन मीटरचा बांध दिसतच नाही. शिवाय एसआरटीएम या अशाच फुकट टेरेनचं मोजमाप रडारचं आहे, त्यामुळे माडाच्या बागा आणि कांदळवन तिथे जमिनीपेक्षा उंच दिसतात आणि खाडी आहे त्याहून अरुंद होते. म्हणून बांधावर जाऊन माथ्याच्या उंच्या डीजीपीएसने (जास्त अचूक जीपीएसने) घ्या. मग टेरेन मॉडिफिकेशनमध्ये उंच जमिनीची रेषा ओढून त्या उंच्या भरा. ही सोय 6.0 आवृत्तीपासून आहे. 'दोन्हींतली जास्त उंची घे' हा पर्याय निवडा. जॉमेट्री या बदललेल्या टेरेनला जोडलेली आहे का ते तपासा.

बांधावर चालताना गावातला माणूस सोबत घ्या. 'हितं गेल्या पावसात खांड गेलेली' (म्हणजे बांध फुटला होता) असं तो एका जागी थांबून सांगतो, आणि पाहिलं तर तेवढाच तुकडा नव्या मातीचा आणि हातभर खाली असतो. मॉडेलमध्ये पाणी पहिल्यांदा तिथूनच शिरतं. तो तुकडा सर्वेक्षणात वेगळा घ्या, दोन टोकांच्या उंचीवरून सरळ रेषा मारू नका.

उघाडी म्हणजे बांधातून शेतातलं पाणी खाडीत सोडायची झडपेची वाट. तिच्यासाठी रेषा वेगळी. एसए-टूडी कनेक्शन नावाची वस्तू बांधावर ओढा, पुन्हा डावीकडून उजवीकडे. इथे प्रवाहाची दिशा शेतातून खाडीकडे धरायची. तिच्यात मोरी (बांधाखालची नळी) भरून फ्लॅप गेट, म्हणजे एकाच दिशेला उघडणारी झडप, लावा, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाईल आणि भरतीला झडप मिटेल. झडप कुजलेली असेल तर फ्लॅप गेट लावू नका. जे आहे ते दाखवा.

सीमेच्या, म्हणजे मॉडेलमध्ये पाणी जिथून येतं-जातं त्या रेषा जाळ्याच्या बाहेर, परिघाला लागून ओढा. वरच्या बाजूला नदीबरोबर कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं, कोळकेवाडीकडून येणारं पाणीही धरा. खालची सीमा चिपळूणजवळच्या गोवळकोटला तोडू नका. तिथवर भरती पोचते, मॉडेल दाभोळच्या मुखापर्यंत न्या आणि तिथे भरती-ओहोटीची पातळी द्या. भरतीच्या कोष्टकातले आकडे चार्ट डेटमपासूनचे (सागरी नकाशांच्या शून्य पातळीपासूनचे) असतात, टेरेनचे समुद्राच्या सरासरी पातळीपासूनचे. चार्ट डेटम सरासरी पातळीच्या खाली असतो, तेवढा फरक वजा करून मगच आकडे भरा. नाहीतर उधाण नसतानाही बांध बुडतील.

पहिली तपासणी बिनपावसाची करा. नदीत उन्हाळ्याचं पाणी, खाली साधी भरती. पाणी बांधाच्या आत दिसलं तर पातळीच्या नकाशावर बांधाला आडवी प्रोफाइल लाइन ओढा. माथ्याच्या दोन्ही बाजूंना पातळी एकच असेल तर ब्रेकलाइन माथ्यावरून घसरली आहे. पातळी वेगळी असून पाणी आत आलं असेल तर आधी उघाडी बघा, मग खांडीचा तुकडा.