घरच्या घरी गाडीला स्प्रे मारताय? या चुका टाळा

दसरा पंधरा दिवसांवर आला की माझा फोन वाजायला लागतो. "काका, बंपर आणि एक दरवाजा आहे, घरीच मारतो. क्लिअर कुठला घेऊ?" क्लिअर म्हणजे रंगावर मारायचा चमकदार पारदर्शक थर. खंडेनवमीला गाडीला हार घालायचा असतो, गॅरेजवाले तारीख देत नाहीत, आणि मोबाइलवर कुणीतरी दहा मिनिटांत अख्खा दरवाजा आरशासारखा करून दाखवलेला असतो. ओघळ आला तर काय करू, दाणे उठले तर काय करू, हे सगळे विचारतात. तोंडाला काय लावू, हे गाड्या रंगवण्याच्या तेवीस वर्षांत मला मोजक्याच लोकांनी विचारलंय. ओघळ वाळला की पॉलिश पेपरनं घासून काढता येतो, त्यामुळे त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी छातीची आहे.

ओला रुमाल, गुळाचा खडा आणि हार्डनर

टू-के किंवा पीयू (पॉलियुरेथेन) म्हणजे दोन डब्यांचं काम. मोठ्या डब्यात रंग किंवा क्लिअर, छोट्यात हार्डनर, म्हणजे त्याला कडक करणारं रसायन. त्या छोट्या डब्यात आयसोसायनेट असतं. १९८४ साली भोपाळला जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट, याच कुळातला. हार्डनरमधलं रसायन वेगळं आहे, ते तसं सहज उडत नाही. पण स्प्रे गननं फवारा केला की तेच बारीक तुषारांतून थेट फुफ्फुसात उतरतं आणि माणसाला दमा लावतं. एकदा का शरीर त्याला बिथरलं की पुढे नुसता लवलेशही चालत नाही. काम करताना जो वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेटचा वास नाकाला कळेपर्यंत ते सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. म्हणून "आता वास गेला, मास्क काढतो" हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

मला हे काम माझ्या थोरल्या भावानं शिकवलं. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचा गाळा. दादाचा हात इतका सरळ चालायचा की क्लिअरचा शेवटचा हात, म्हणजे थर, कायम त्याचाच. तोंडाला ओला रुमाल, आणि दुपारी गुळाचा खडा. गुळानं छातीतलं सगळं उतरतं, असं आमच्या उस्तादांनी सांगितलेलं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. हात मारून झाला की दादा रुमाल गळ्यात ओढायचा आणि बोनेटवर तिरका वाकून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचा, कुठं कोरडं राहिलंय का. हवेत धुकं तसंच तरंगत असायचं. त्याच्या भुवयांवर पांढरी पूड बसलेली असायची, आणि नाक शिंकरलं की रुमालावर त्या दिवशीच्या गाडीचा रंग.

मग खोकला सुरू झाला. दिवसा काही नाही, रात्री दोन-अडीचला. वहिनी म्हणायची, "भावजी, हे उठून बसतात. छातीत शिट्टी वाजल्यासारखं वाजतं." आम्ही थंडीला दोष दिला, पावसाला दिला. गणपतीत पाच दिवस गाळा बंद होता, तेव्हा खोकला गायब. गाळा उघडला तसा तो परत आला, तरी आमच्या ध्यानात आलं नाही. शेवटी एका रात्री दादाचे ओठ निळे पडले आणि रिक्षात घालून नेलं. छातीच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "काम काय करता?" आणि मग, "सुट्टीत बरं वाटतं का?" या दोन प्रश्नांत सगळं उलगडलं. आज गाळ्यात क्लिअरचं काम असलं की दादा समोरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा थांबत नाही, घरी जातो. त्याची गन मी वापरतो.

तेव्हा माझं सरळ मत ऐका. घरी टू-के मारूच नका. बुडाचं बटण दाबून आत हार्डनर सोडायचा असतो, असे टू-केचे स्प्रे कॅन मिळतात, तेही नकोत. कॅन वीतभर असला तरी आतलं रसायन तेच. घासणं, पुट्टी, प्रायमर, बेस (क्लिअरखालचा रंग) एवढं हौसेनं करा, आणि क्लिअरला गाडी बूथ (हवा ओढून घेणारी रंगाची बंद खोली) असलेल्या गॅरेजात न्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ देत.

गुळाचं एकदाच सांगतो. गूळ पोटात जातो, रंग फुफ्फुसात. दोघांची वाटेत गाठच पडत नाही.

रुमाल आणि सर्जिकल मास्क या कामाला निकामी. एन-९५ धूळ आणि तुषार अडवतो, पण थिनरची वाफ त्यातून आरपार जाते. त्यासाठी रबरी अर्धा मास्क लागतो, दोन बाजूंना कोळशाची कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) आणि त्यावर धुळीचा फिल्टर असलेला. मी नवीन कार्ट्रिज लावली की त्यावर मार्करनं तारीख घालतो. काम झालं की मास्क घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण खुंटीला टांगून ठेवला तर तो कोळसा गाळ्यातली वाफ ओढत राहतो आणि न वापरताच संपतो. काम सुरू करण्याआधी दोन्ही कार्ट्रिज तळहातांनी झाकून श्वास आत ओढायचा. मास्क गालांना चिकटून बसला तरच गनला हात. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. पोरांना हे सांगितलं की त्यांना राग येतो, पण मी दाढीवाल्या पोराच्या हातात गन देत नाही.

आणि असला मास्क आहे म्हणून टू-के चालेल, असंही समजू नका. कार्ट्रिज कधी संपली हे नाकाला कळत नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये या कामाला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क घालायला सांगतात. ते ऐकून एकानं साध्या कॉम्प्रेसरची नळी थेट हेल्मेटात घातली होती. त्या हवेत तेलाची वाफ असते, ती श्वासाची हवा नव्हे.

शटर ओढून घेणं

धूळ बसू नये म्हणून शटर खाली, खिडक्या बंद, फटींना वर्तमानपत्र. ही दुसरी चूक, आणि मला सगळ्यात जास्त संताप आणणारी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखी पसरते आणि दाराखालून शेजारच्या खोलीत शिरते. थिनरमध्ये बहुतेक वेळा टोल्युइन असतं, आणि ते साधारण ४ अंश सेल्सिअसलाच पेटण्याजोगी वाफ सोडतं. म्हणजे आपल्याकडे बारा महिने.

माझ्या ओळखीच्या एकानं बंगल्याच्या पार्किंगमध्ये असंच बंद करून फेंडर मारायला घेतला. कॉम्प्रेसर तिथंच कोपऱ्यात जमिनीवर. टाकीतली हवा कमी झाली, प्रेशर स्विच टक्कन वाजला, आणि निळसर जाळ फरशीवरून त्याच्या पायांपर्यंत धावत आला. अंगात टेरिलीनची ट्रॅक पँट होती. ती वितळून पोटऱ्यांना चिकटली. ड्रेसिंग बदलताना तो कसा ओरडायचा, हे मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून ऐकलंय.

माझा कॉम्प्रेसर कायम बाहेर असतो, लांब नळी लावून. अंगात सुती कपडे. हात घालण्याआधी भिंतीपलीकडे काय चालू आहे ते बघून येतो: गॅस गिझर, देवघरातली समई, कुणाची बिडी. साधा टेबल फॅन वाफेच्या वाटेत ठेवत नाही, त्याच्या बटणात किंवा मोटरमध्येही ठिणगी पडू शकते. डबे लगेच झाकायचे. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, कारण पेटलेल्या थिनरवर पाणी ओतलं तर आग पाण्यावर तरंगत पसरते. घरी करायचंच तर उघड्यावर, पोरंबाळं लांब ठेवून, सकाळी वारा पडलेला असताना करा. चार कण बसतील. ते पॉलिशला निघतात.

बाकीच्या, थोडक्यात

थिनरनं हात धुऊ नका. कातडी फाटते आणि नको ते आत शिरतं. नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि डाग पडलाच तर खोबरेल तेल चोळून साबण लावा.

जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, तीही घराच्या आणि सजावटीच्या रंगांना. जुन्या पद्मिनी गाडीच्या पिवळ्या रंगाला कोण विचारतंय? पाणी लावून वॉटर पेपरनं घासा, आणि तेव्हा अंगात असलेले कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

ऑइल पेंटच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेटू शकतो. पसरून वाळवा.

थिनर पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. घरात पोरं असतात. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, ते फुफ्फुसात जातं. तडक दवाखाना.

डोळ्यात उडालं तर नळाखाली पंधरा मिनिटं डोळा उघडा धरा, मग डॉक्टर. गॉगल लावला असता तर ही वेळ आली नसती.

त्रास झालाच तर

डोकं जड झालं, पाय लटपटले, उगाच हसू यायला लागलं, तर गन खाली ठेवा आणि बाहेर या. "एवढा एक हात मारून येतो" म्हणणारेच आत पडतात. आत कुणी पडलेलं दिसलं तर आधी शटर वर करा, मग शिरा.

छातीचा त्रास लगेच होईलच असं नाही. चार-सहा तासांनी, झोपेतही होतो. धाप लागली, छाती आवळल्यासारखी झाली तर सकाळची वाट बघू नका. हार्डनरच्या डब्याचा फोटो काढून न्या आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा, आज गाडीला स्प्रे मारलाय. दादाच्या वेळी आम्ही गल्लीतल्या दवाखान्यात चार महिने "थंडी बाधली" एवढंच सांगत होतो.