एका घाण्यात शंभर ल्यूर: घरी ओतलेल्या धातूच्या आमिषांना रंग कसा द्यावा

शिसं ओतायला फार वेळ लागत नाही. साचा एकदा तापला की तासाभरात साठ-सत्तर जिग, म्हणजे गळावर धातूचं डोकं ओतलेली मासेमारीची आमिषं, निघतात. घोडं अडतं ते रंगात. सुरुवातीला मी एक जिग घ्यायचो, साफ करायचो, पांढरा हात द्यायचो, वाळला की डोळा काढायचो आणि मग दुसरा उचलायचो. दोन संध्याकाळी मोडून बारा जिग झाले आणि बाराही वेगवेगळे दिसत होते. आता तेवढ्या वेळात शंभरावर होतात. माझा हात काही भराभर चालायला लागलेला नाही, प्रत्येक तुकड्याला हात लावायची वेळ मात्र कमी झाली आहे. एक काम सगळ्या तुकड्यांवर उरकायचं, मगच पुढचं हाती घ्यायचं आणि सळईवर टांगलेला तुकडा विनाकारण खाली काढायचा नाही.

आधी धातू ओळखा

जिगसाठी सगळ्यात टिकाऊ रंग म्हणजे पावडर कोटिंग: कोरड्या रंगाची पावडर तापलेल्या धातूवर चिकटवून भाजायची. ही पावडर साधारण १७५ ते १८० अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटं भाजावी लागते (नेमकं तापमान डब्यावर लिहिलेलं असतं). शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून त्याला धोका नाही. पितळ आणि जस्त त्याहून बरेच वर आहेत. पण शिशाऐवजी बिस्मथ-कथील मिश्रधातू वापरणारे पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये १९८७ पासून छोट्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे, इतरही काही ठिकाणी तसे नियम आहेत. या मिश्रधातूचा नेहमीचा प्रकार १३८ अंशांनाच वितळतो. मी एकदा न तपासता असे बारा जिग ओव्हनमध्ये ठेवले. दार उघडलं तेव्हा ट्रेमध्ये चकचकीत थारोळं पसरलं होतं आणि सळईवर नुसते गळ लटकत होते. असा धातू असेल तर पावडरच्या वाटेला जाऊच नका, स्प्रे किंवा इनॅमल वापरा.

शिशाबद्दल थोडं कडक राहायलाच हवं. शिसं विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो. हातमोजे घाला, काम चालू असताना काही खाऊ-पिऊ नका, नंतर हात साबणाने धुवा. ज्या ओव्हनमध्ये जिग भाजले त्यात पुन्हा कधीही अन्न शिजवायचं नाही. रंगकामाचा ओव्हन वेगळाच हवा आणि तो हवेशीर जागी हवा.

साफसफाई

साच्याच्या फटीतून आलेली पातळ कड आधी सुरीने काढा, मग कानस मारा. कोरडं शिसं पॉलिश पेपरने घासू नका, ती धूळ नाकात जाते. घासावंच लागलं तर पाण्यात घासा. सगळ्या तुकड्यांच्या कडा एका बैठकीत काढून होऊ द्या.

मग तेलकटपणा घालवायचा. झाकणाच्या बरणीत ॲसिटोन घेऊन वीस-पंचवीस जिग बुडवा, हलवा, चिमट्याने काढून कापडावर पसरा. यापुढे उघड्या बोटांनी शिवायचं नाही, कारण बोटाचा ठसा जिथे उमटतो तिथूनच रंगाचा पापुद्रा सुटतो. ॲसिटोन झटकन पेट घेतं, तेव्हा तुकडे पूर्ण सुकल्याशिवाय ओव्हनजवळ नेऊ नका. काही जण शिसं व्हिनेगरने धुतात. तसं करू नका. व्हिनेगरमधल्या आम्लाने शिशाचा पाण्यात विरघळणारा विषारी क्षार तयार होतो. ओतल्यावर शक्य तितक्या लवकर रंगवा. ताज्या शिशाची चकाकी गेली आणि वर राखाडी थर धरला की रंग तितका घट्ट बसत नाही.

सळई

खरा वेळ वाचतो तो इथे. स्टीलची सरळ सळई घ्या आणि दर तीन सेंटिमीटरला कानसेने एक खाच पाडा. जिग गळाच्या वळणातून टांगायचा, म्हणजे सळईला टेकलेल्या भागाला रंग लागायचा प्रश्नच येत नाही. खाचांमुळे तुकडे घसरून एकमेकांना चिकटत नाहीत, नाहीतर भाजताना दोन जिग एकमेकांत रुतून बसतात. स्पून (चमच्याच्या आकाराचं पत्र्याचं आमिष) आणि चपट्या जिगच्या कडीतून तारेचा आकडा घाला. ओव्हनच्या रुंदीला बसतील अशा चार-पाच सळया करून ठेवा. एक भाजत असते, दुसरी तापत असते, तिसरीवर तुकडे लटकवायचं काम चालू असतं.

पावडरचा हात

पावडर डब्यातच फुगवून घेतली तर थर सारखा बसतो. प्लास्टिकच्या नळीचा साधारण पाच सेंटिमीटर रुंदीचा पेला करा, त्याच्या बुडाला हवा जाईल पण पावडर गळणार नाही असा जाड कागद ताणून बसवा आणि खालून मत्स्यालयाच्या पंपाची हवा सोडा. हवेचा जोर लागतो तेवढाच ठेवा. पावडर उतू जाण्याआधीच्या दुधासारखी संथ हलली पाहिजे. उसळून बाहेर उडत असेल तर हवा कमी करा, मधूनच खड्डे पडत असतील तर पावडर दमट झाली आहे. ती चाळणीतून गाळून घ्या आणि बरणीत सिलिका जेलची पुडी ठेवा.

सळई ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. लॉक होणाऱ्या चिमट्याने एकेक जिग गळाला धरून काढा, डोकं सेकंदभर पावडरमध्ये बुडवा, वर काढा, चिमट्यावर टिचकी मारा आणि परत खाचेत अडकवा. नीट बघा: तापमान बरोबर असेल तर पावडर क्षणभर पिठासारखी दिसते आणि तुमच्या डोळ्यांदेखत ओली होऊन चमकते. पिठासारखीच राहिली तर जिग थोडा थंड होता. हरकत नाही, भाजताना ती वितळेल. पण लगेच जाड, फुगीर थर बसला तर जिग फार तापला आहे. भाजताना तो थर ओघळून नाकाशी थेंब लोंबेल. जड जिग उष्णता धरून ठेवतात, त्यांना अर्धा सेकंद पुरतो. तीन-चार ग्रॅमचे हलके जिग ओव्हनपासून पेल्यापर्यंत जाताजाताच निवतात. त्यांना हीट गनच (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) बरी. हीट गन डोक्यावर धरा, गळावर नाही. पोलाद जास्त तापलं तर गळाचं पाणी उतरतं आणि तो वाकतो. हवेत उडालेली पावडर पेट घेऊ शकते, म्हणून पेल्याशेजारी उघडी ज्योत नको. मास्क लावा.

रंगांचा क्रम फिकटाकडून गडदाकडे ठेवा: पांढरा, पिवळा, पोपटी, नारिंगी, लाल, काळा. काळ्यात पांढऱ्याचे चार कण मिसळले तरी खपून जातात, पांढऱ्यात काळ्याचा एक कणही डोळ्यांत खुपतो. दोन रंगी डोकं हवं असेल तर गरम जिगवर दुसरी पावडर मऊ ब्रशने झटका.

भाजण्याआधी कडीची भोकं मोकळी करा. रंग अजून कच्चा असतो, सुई घातली की भोक सुटतं. भाजून झाल्यावर हेच काम करायला गेलात तर कडीभोवतीचा रंग तडकतो आणि पाणी तिथूनच आत शिरतं. ही एक पायरी विसरलो म्हणून मला एकदा अख्खा घाणा खरवडावा लागला आहे.

स्पूनसाठी स्प्रे

माशासारखी नक्षी हवी असेल तर पावडरपेक्षा स्प्रे किंवा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) सोयीचा. सगळे स्पून सळईवर एकाच दिशेला तोंड करून लावा. आधी पांढऱ्याचा हात द्या. झगझगीत फ्लुरोसंट रंग अर्धपारदर्शक असतात, खाली पांढरं नसेल तर ते मातकट दिसतात. मग पोटाकडून फिकट आणि पाठीकडून गडद, असे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ फटकारे. वीस-तीस सेंटिमीटर अंतर ठेवा, हात पातळ ठेवा, दोन-तीन द्या. डब्यावर पुढच्या हाताची वेळ दिलेली असते, ती पाळा. खालचा हात अर्धवट वाळलेला असताना वरचा दिलात तर रंगाला सुरकुत्या पडतात.

खवल्यांसाठी बारीक जाळी एका चौकटीवर ताणा, ती सळईवरच्या ओळीला टेकवा आणि वरून रंग मारा. आडव्या पट्ट्यांना जुना कंगवा पुरतो. जाळी सरकवत नेऊ नका, सरळ उचलून पुढच्या तुकड्यांवर ठेवा.

डोळ्यांसाठी खिळ्यांची डोकी. मोठ्या डोक्याच्या खिळ्याने सगळ्यांचे पिवळे ठिपके, ते वाळले की लहान खिळ्याने काळे. रंग डब्याच्या झाकणात अगदी पातळ घ्या, खिळा सरळ टेकवा आणि सरळ उचला.

वरचा हात

नीट भाजलेल्या पावडरला वर काही लागत नाही. स्प्रेवर मात्र पारदर्शक इपॉक्सी (दोन भाग कालवल्यावर घट्ट होणारा लेप) हवंच, नाहीतर दगडावर दोन-चार वेळा आपटताच रंग उडतो. संथ घट्ट होणारं इपॉक्सी घ्या आणि वीस स्पूनपुरतंच कालवा, कारण उरलेलं वाटीतच घट्ट होतं. कालवताना फेटू नका, बुडबुडे धरतात. लावल्यावर सळई मिनिटाला चार-पाच फेरे घेणाऱ्या छोट्या मोटरवर फिरत ठेवा, थर एका बाजूला साचत नाही.

इपॉक्सी पूर्ण मुरल्यावरच स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या रिंगसारखी दुहेरी वेढ्याची कडी) आणि तीनतोंडी गळ लावा. साठवताना मऊ रबरी आमिषांच्या डब्यात टाकू नका. त्यांच्यातलं तेल रंगात उतरतं आणि चांगला वाळलेला थरही चिकट होऊन एकमेकांना धरतो.